ब्रिस्केट गुंडाळायचं कशात: फॉइल की बुचर पेपर?

ब्रिस्केटची, म्हणजे गाईच्या छातीकडच्या मांसाच्या मोठ्या तुकड्याची, चरबी कशी छाटायची, मीठ-मिरी किती लावायची, पोस्ट ओकची लाकडं कुठे मिळतात, हे टेक्ससात राहून स्मोकर (धुरावर मांस शिजवायची भट्टी) घेतलेल्याला सांगायला नको. खरा वाद सुरू होतो तो पाच-सहा तासांनंतर. मांसाचं आतलं तापमान १५० ते १७० फॅरनहाइटच्या मधे कुठेतरी येतं आणि तिथेच ठाण मांडून बसतं. स्मोकर २५० वर आहे, लाकूड जळतंय, आणि काटा तासन्‌तास हलत नाही. यालाच इथे स्टॉल म्हणतात.

कारण साधं आहे. पृष्ठभागावरचं पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढीच आगीकडून येत असते. ग्रेग ब्लाँडर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ओला स्पंज आणि नुसत्या चरबीचा गोळा तापवून हे दाखवलं होतं. स्पंज अडकला, चरबी सरळ वर गेली. म्हणजे बाष्पीभवन थांबवलं की स्टॉल संपला. गुंडाळायचं ते एवढ्यासाठी, आणि फॉइल हे काम चोख करते.

फॉइलच्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ती कुठल्याही दुकानात मिळते. जाड, हेवी ड्यूटी घेतली की झालं. बुचर पेपरच्या, म्हणजे मांस गुंडाळायच्या जाड कागदाच्या, मानाने तास-दीड तास तरी वाचतो असा माझा अंदाज आहे. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण संध्याकाळी सातला माणसं जेवायला येणार असतील तर हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय ब्रिस्केट सिलेक्ट ग्रेडचं (अमेरिकेतल्या प्रतवारीत प्राइम आणि चॉइसच्या खालचं) असेल, आत चरबीच्या रेषा नावापुरत्या असतील, तर फ्लॅट, म्हणजे ब्रिस्केटचा पातळ, कमी चरबीचा भाग, कोरडा पडण्याची धास्ती असते. तिथे फॉइल वाचवते. हंडीच्या झाकणाला कणीक लावून दम द्यावा तसाच हा प्रकार, वाफ बाहेर जातच नाही. तळाशी जमलेला तपकिरी रस कापलेल्या मांसावर ओतता येतो, तो वेगळाच.

तरीही माझ्या घरात आता फॉइलचा रोल ब्रिस्केटसाठी निघत नाही, आणि त्याला कारण आहे बार्क.

पाच-सहा तास धुरात बसून मिरी, मीठ, चरबी आणि धूर यांचा जो काळा, खरखरीत थर तयार होतो, त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. फॉइलमध्ये दोन-तीन तास वाफ खाल्ली की तो थर मऊ पडतो. चव जात नाही, रंगही राहतो, पण पोत जातो. कापायला घेतलं की कळतं: सुरी पेन्सिलीएवढ्या जाडीचा काप काढते आणि वरची काळी कड सुरीलाच चिकटून मांसापासून सुटते. फळीवर एकीकडे राखाडी-तपकिरी काप, दुसरीकडे ओल्या कागदासारखी पट्टी. खालची बाजू तर रसातच बुडालेली असते, तिथला बार्क जवळजवळ धुतला गेलेला असतो. पाहुण्यांना काही वाटत नाही, ते ब्रेडमध्ये घालून आनंदाने खातात. मला मात्र वाटतं.

यावर उपाय सांगतात की शेवटी फॉइल काढून अर्धा तास पुन्हा आगीवर ठेवा. बार्क थोडा सावरतो हे खरं, पण तेवढ्यात फ्लॅटच्या कडा सुकायला लागतात. म्हणजे ज्यासाठी गुंडाळलं तेच घालवायचं.

बुचर पेपर वाफ थोडी आत धरतो, थोडी सोडतो. चरबी त्यात मुरते, कागद पारदर्शक आणि गडद होतो, आणि बार्क बऱ्यापैकी टणक राहतो. ऑस्टिनच्या फ्रँकलिन बार्बेक्यूने ही पद्धत लोकांच्या डोक्यात बसवली. २००९ साली एका ट्रेलरमधून सुरू झालेलं हे दुकान, आणि २०१५ मध्ये त्याचे मालक एरन फ्रँकलिन यांना जेम्स बियर्ड पुरस्कार मिळाला. त्यानंतर गुलाबी कागदाचे रोल घरोघरी दिसायला लागले.

पेपरची कटकट नाही असं नाही. स्टॉल पूर्ण मोडत नाही, नुसता आखडतो, त्यामुळे जेवायची वेळ ठरलेली असेल तर आदल्या रात्रीच चढवावं लागतं. रोल अगडबंब, पँट्रीत उभा करायला जागा शोधा. आणि घेताना नीट बघून घ्यावा लागतो. बिनमेणाचा, ब्लीच न केलेला, खाण्याच्या पदार्थांसाठीचाच हवा. फ्रीझर पेपर दिसायला जवळचा वाटतो, पण त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो. तो स्मोकरजवळही नेऊ नका.

कधी गुंडाळायचं याबाबत आकड्यापेक्षा नखावर जास्त भरवसा ठेवा. बार्क नखाने हलकेच खरवडून बघा, निघत असेल तर थांबा. माझ्याकडे ही वेळ बहुतेकदा १६५ ते १७० च्या आसपास येते. दोन लांब तुकडे एकावर एक चढवून घट्ट गुंडाळायचं, सैल राहिलं तर आत वाफेचे कप्पे होतात. पुढे २०० च्या आसपास पॉइंट (जाड, चरबीचा भाग) आणि फ्लॅट दोन्हींत थर्मामीटरचा प्रोब घालून बघायचा, तो लोण्यात गेल्यासारखा गेला की उतरवायचं. फॉइल वापरत असाल तर उतरवल्यावर काही मिनिटं उघडून वाफ जाऊ द्या, नाहीतर मुरायला कूलरमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या पेटीत) ठेवल्यावरही ते आतल्या आत शिजत राहतं.

मधला मार्गही आहे: फॉइलची होडी करून ब्रिस्केट त्यात ठेवायचं, वरची बाजू उघडी. बार्क आणि रस दोन्हींवर जीव असेल तर करून बघा. वेळ मात्र नीट हाताशी ठेवा.

थोडक्यात माझं मत असं, की चांगलं प्राइम किंवा चॉइस ब्रिस्केट हाती लागलं असेल आणि रात्र मोकळी असेल तर पेपरच घ्या. सिलेक्ट असेल, किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला ठरल्या वेळी पोचायचं असेल, तर फॉइलला नावं ठेवायचं कारण नाही. आणि आपल्यातल्या बऱ्याच घरी बीफ चालत नाही, तिथे पोर्क शोल्डर चढतं. त्यात मी आजही बिनधास्त फॉइल वापरतो. ते शेवटी हाताने उसवायचंच असतं, मऊ पडलेला बार्क मांसात आणि रसात मिसळून जातो, आणि तिथे तो मऊच बरा लागतो.