कॅथलॅबच्या दारातली सही

बाबांच्या छातीत जळजळ होत होती. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "अँजिओग्राफी करून घ्या, नुसती तपासणी आहे," आणि एका हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. काउंटरवरच्या बाईंनी पेशंटचं नाव विचारायच्या आधी विचारलं, "कोणाकडून आलात?" आणि डॉक्टरांचं नाव एका वेगळ्या वहीत लिहून घेतलं. तिथूनच मागे फिरायला हवं होतं! कट, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणारं कमिशन, कसा चालतो ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण वीस वर्षांचा घरोबा. वाटलं, आपले डॉक्टर तसले नाहीत.

अर्ध्या तासाने मला कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीच्या, दारात बोलावलं. "९० टक्के ब्लॉक. आत्ताच स्टेंट टाकू, की घरी नेताय?" बाप टेबलावर असताना कोण घासाघीस करतं? केली सही. दोन स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या), २,८४,५०० रुपये. स्टेंटच्या किमतीला २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, म्हणून फुगवटा 'पॅकेज'मध्ये. आयटमवार बिल मागाच.

दुसऱ्या डॉक्टरांनी अँजिओग्राफीची सीडी पाहिली: ४० टक्के, गोळ्यांवर भागलं असतं. (सीडी घरी लावून बघा. आमची पहिली कोरी निघाली.) कागदपत्रं ७२ तासांत द्यायचा नियम, आम्हाला २३ दिवस लागले.

सगळ्यात झोंबतं ते हे, की बाबा पूर्ण शुद्धीत होते. भूल मनगटापुरती. पाच पावलांवरच्या माणसाला कोणीच विचारलं नाही, मीही नाही. समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००८ मध्येच सांगितलंय: जिवावरचा प्रसंग नसेल तर तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. तिथे पेशंटच्या आईची सही घेतली होती, तीही चालली नाही.

अमेरिकेतही विनाकारण स्टेंट टाकतात, पण मेरीलँडच्या एका डॉक्टरला २०११ मध्ये त्यासाठी आठ वर्षांची कैद झाली. जर्मनीत २०१६ पासून डॉक्टरने असं कमिशन घेणं फौजदारी गुन्हा आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१७ मध्ये कटविरोधी कायद्याचा मसुदा झाला, तो मसुदाच राहिला. पोलीस म्हणाले, "मेडिकल मॅटर आहे, तज्ज्ञांचा अहवाल आणा." तज्ज्ञ म्हणाले, "लेखी देणार नाही." मेडिकल कौन्सिलला प्रतिज्ञापत्र, झेरॉक्सचे गठ्ठे, तीन हेलपाटे.

चार महिन्यांनी अर्ज परत आला. शेरा: तक्रार रुग्णाने स्वतः करावी, मुलाची सही ग्राह्य नाही.