गोड्या पाण्याचं म्हणून विकलेलं खारं इंजिन

सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठी, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांना बोट हाच रस्ता आहे. आजारी माणूस, रेशन, बाजाराचा माल, सगळं पाण्यावरून जातं. त्यामुळे या भागात जुन्या आउटबोर्ड इंजिनाला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाला, गिऱ्हाईक कायम असतं, आणि फसवणारेही तिथवर बरोबर पोचतात.

हा व्यवहार तिथलाच. दोन भागीदारांनी 40 हॉर्सपॉवरचं, तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन एका दलालाकडून 1 लाख 45 हजारांना घेतलं, सगळे रोख. पावती साध्या कागदावर, इंजिनाचा नंबर न लिहिता. दलालाचं बोलणं एवढंच: “सरकारी लिलावनं शे भाऊ, धरनवरच चालेल शे, खारं पानी देखेलच नही.” अकराव्या दिवशी भर पाण्यात, बोटीत माणसं बसलेली असताना, मधला पिस्टन जाम झाला.

सौद्याच्या वेळी इंजिन पाण्याच्या टिपाडात चालवून दाखवलं होतं. सुरू करायची दोरी एकदा ओढताच सुरू झालं, आवाज एकसारखा, मागून पाण्याची धार जोरात. शेतातल्या डिझेल इंजिनाची पारख आपल्याकडे आवाजावर आणि धुरावर होते, तीच सवय इथे नडली. गिऱ्हाईक पोचण्याआधीच इंजिन तापवून ठेवलेलं होतं, म्हणून थंड इंजिनाला सुरू व्हायला दोरी किती वेळा ओढावी लागते ते कळलंच नाही. टिपाडात इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यावर बोटीचं ओझं नसतं, पूर्ण थ्रॉटलही, म्हणजे पूर्ण रेसही, देता येत नाही. आणि मागची धार फक्त एवढंच सांगते की पंप पाणी वर चढवतोय. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या सिलिंडरभोवतीच्या वाटा मोकळ्या आहेत की नाहीत, ते त्या धारेवरून समजत नाही.

समुद्रात चाललेलं इंजिन दर फेरीनंतर 10-15 मिनिटं गोड्या पाण्यावर चालवून धुवावं लागतं. ते टाळलं की आत राहिलेलं पाणी वाळतं, मीठ अॅल्युमिनियमला खातं आणि पाण्याच्या वाटा बुजत जातात. तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा थर्मोस्टॅटही मिठाने चिकटतो. मग पुष्कळ जण तो काढूनच टाकतात, कारण त्याविना मंद वेगात इंजिन थंड राहतं आणि विकताना छान दिसतं. ओझं ओढायला लावलं की मात्र बुजलेल्या जागेची उष्णता बाहेर पडत नाही, पिस्टन फुगतो, ऑइलचा थर तुटतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला धरतो.

हे इंजिन उघडलं तेव्हा हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागाच्या, कव्हरचे दोन बोल्ट पान्याखालीच तुटले. आत पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाशी धरतो तसला पांढरा, टणक थर होता. हाताचं बोट जाईल एवढ्या वाटेत आगपेटीची काडीसुद्धा अडत होती. थर्मोस्टॅटच्या जागी काहीच नव्हतं. बोटीला अडकवायच्या क्लॅम्पच्या ब्रॅकेटवर नंबरप्लेट नव्हती, रिव्हेटची भोकं पुट्टीने भरून वरून राखाडी स्प्रे मारलेला. तोच स्प्रे झिंकच्या अॅनोडवरही होता. गंजाचा मार आधी झिंकने सोसावा आणि गिअरबॉक्स वाचावा यासाठी तो तुकडा लावलेला असतो, रंग दिला की तो निकामी. अॅनोडवर रंग दिसला तर समजावं, रंगवणाऱ्याला इंजिन चालवायचं नव्हतं, विकायचं होतं. निव्वळ झिंक दिसला म्हणून मात्र इंजिन समुद्रातलंच, असा निकाल लावू नये. गोड्या पाण्याला मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियमचा अॅनोड चांगला, पण पुष्कळ इंजिनं झिंक लावूनच येतात.

गिअरबॉक्सचं ऑइल सौद्याच्या दिवशी सोनेरी होतं, म्हणजे नुकतंच बदललेलं. चार फेऱ्यांत ते दुधाच्या चहासारखं झालं. पंख्याच्या दांड्यावर जाळ्याची नायलॉन दोरी गुंडाळली जाऊन सील कापलं गेलं होतं, तिथून पाणी शिरत होतं.

दुरुस्तीला काही अर्थ उरला नाही. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो, पण पाण्याच्या वाटाच मिठाने खाल्ल्या असतील तर नवा पिस्टनही तसाच जाम होणार.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी त्याचं तोंड उघडून दात पाहतो. इंजिनालाही तसंच उघडायला लावा. पोचल्याबरोबर ब्लॉकवर हात ठेवा. गरम लागला तर पूर्ण थंड होईपर्यंत थांबा, दोन तास गेले तरी चालतील. गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू थोडा सैल करून पहिले थेंब बघा, पाणी जड असल्यामुळे तेच आधी येतं. ऑइल अगदी कोरं दिसलं तर ते पाण्यावरच्या चाचणीनंतर पुन्हा बघायचं. पंखा काढून दांड्यावर दोरी आहे का तेही पाहून घ्या.

सिलिंडरातला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज स्वतःचं न्या. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी ब्लॉकला टेकवून अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा वेळा, दोरी ओढा. एका सिलिंडरवर समाधान मानू नका. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती ते महत्त्वाचं. 10 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, 15 च्या वर गेला तर तिथून निघावं. या इंजिनात न जाम झालेल्या दोन सिलिंडरांतच 118 आणि 96 पीएसआय निघाले. प्लगच्या भोकातून जाड ऑइल सोडून हा आकडा तात्पुरता चढवता येतो. प्लग ऑइलने निथळत असतील तर इंजिन 15 मिनिटं चालवून पुन्हा मोजा.

त्यानंतर बोटीला लावून, माणसं बसवून, किमान अर्धा तास चालवायचं. या ताकदीच्या टू-स्ट्रोकचे पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला साधारण 4500 ते 5500 फेरे व्हायला हवेत, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. फेरे चढले पण बोट ओढली जात नसेल तर पंख्याचा रबरी बुश घसरतोय. ओझ्यावर गिअर सुटत असेल तर आतल्या डॉग क्लचच्या, म्हणजे गिअर धरणाऱ्या दातांच्या, कडा झिजल्यात. तापमानाची इन्फ्रारेड गन प्रत्येक सिलिंडरच्या हेडवर धरा. एकच हेड ठळकपणे जास्त तापत असेल तर तिथली वाट बुजली आहे.

चांगलं इंजिन मिळालं तरी आपल्या हातून बिघडू शकतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळतात, त्याचं प्रमाण 50 ला 1, म्हणजे पेट्रोलच्या लिटरला 20 मिली, आणि ऑइल आउटबोर्डचंच, टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं. मोटरसायकलचं नको. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. टाकीत पाणी गेलं की इथेनॉल त्या पाण्याला धरून तळाशी बसतं, त्या थरात ऑइल राहत नाही, आणि इंजिन आधी तळाचंच ओढतं. म्हणून पावसाळ्यात मिसळलेलं पेट्रोल आठवडाभराहून जास्त साठवू नका, पाणी धरणारा फिल्टर लावा. पाणी वर चढवणाऱ्या पंपातला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, दर वर्षी बदलावा, आणि पाण्याबाहेर इंजिन क्षणभरही सुरू करू नये, कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळतो.

पैशांचं म्हणाल तर बयाणा 10 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, बाकीचे पाण्यावरच्या चाचणीनंतर, बँकेतून. “लिलावातलं” म्हणणाऱ्याकडे लिलावाचा कागद मागा आणि त्यावरचा नंबर प्लेटशी जुळवा. प्लेटच नसेल तर चोरीच्या मालाचीही शक्यता आहे, सौदा तिथेच थांबवा. फसवणूक झालीच असेल तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार होते. विकणारा व्यापारी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, मुदत दोन वर्षं. बोट स्वतः चालवून पोट भरत असाल तर तक्रारीत ते स्पष्ट लिहा, नाहीतर व्यापारी वापर म्हणून ती फेटाळली जाऊ शकते. इंजिन उघडण्याआधी आणि उघडताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, तुटलेले बोल्ट आणि पुट्टी भरलेलं ब्रॅकेट फेकू नका. पावतीवर “गोड्या पाण्यात वापरलेलं” हे शब्द विकणाऱ्याच्याच हाताने, इंजिनाच्या नंबरासकट लिहून घ्या.