कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायचं, पण कशानं? पर्यायांची तुलना

मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण सुविधांचे तक्ते ताडून बघायला बसतात. ज्याच्यापुढे बरोबरच्या खुणा जास्त, ते चांगलं. आपल्याला नेमकं उत्तर कशाचं हवंय, हे मात्र त्या तक्त्यात कुठेच नसतं. ग्राहकांची माहिती बाहेर जाईल ही भीती आहे? तासांवर बिल लावतो म्हणून तासांचा हिशेब हवाय? की माणूस घरून काम करतोय आणि तो खरंच करतोय ना, ही धाकधूक आहे? तिन्ही गरजांना एकच नाव दिलं जातं, पण पहिलीवरचा इलाज तिसरीला लागू पडत नाही. आणि तिसरीवर इलाज म्हणून जे विकलं जातं, ते माझ्या मते बहुतेक ऑफिसांनी घेऊच नये.

हालचाल मोजणारे ट्रॅकर

सगळ्यात जास्त खपणारा प्रकार हा. लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम बसतो. मिनिटाला कळा किती दाबल्या, माऊस किती हलला, पुढ्यात कोणती खिडकी उघडी होती आणि तिचं शीर्षक काय होतं, याची नोंद तो ठेवतो. अ‍ॅपची विभागणी आधीच ‘उत्पादक’ आणि ‘अनुत्पादक’ अशी केलेली असते. संध्याकाळी मॅनेजरपुढे हिरव्या-लाल पट्ट्या येतात.

आता यातली एक लाल पट्टी जवळून बघू. हिशेब बघणारी कर्मचारी सव्वाअकरा ते पावणेबारा फोनवर आहे. समोरच्या ग्राहकाची थकबाकी जुळत नाही, म्हणून ती छापलेल्या कागदावर पेनानं एकेक रक्कम टिकमार्क करत चालली आहे. तिच्या नावापुढे अर्धा तास ‘निष्क्रिय’ लागतो. शेजारचा माणूस त्याच वेळात एकच एक्सेल शीट वरखाली करत बसलाय. तो हिरवा. दोघांपैकी महिनाअखेरचा ताळमेळ कुणी वाचवला, हे पट्टीला कळायची सोय नाही.

फ्रान्सच्या विदा संरक्षण नियामकानं, म्हणजे सीएनआयएलनं, नेमका हाच मुद्दा धरून डिसेंबर २०२४ मध्ये एका रिअल इस्टेट कंपनीला ४० हजार युरोंचा दंड केला. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये ३ ते १५ मिनिटं कीबोर्ड-माऊस शांत राहिला की तो वेळ ‘निष्क्रिय’ धरला जाई आणि त्याचे पैसे पगारातून कापले जाऊ शकत. बैठका आणि फोन हेही कामच आहे, कीबोर्डची शांतता म्हणजे कामचुकारपणा नव्हे, असं नियामकाचं म्हणणं. त्याच कंपनीत वारंवार घेतले जाणारे स्क्रीनशॉट आणि आवाजासकट सतत चालणारा कॅमेराही होता, तेही दंडाच्या कारणांत आले.

दुसरी अडचण अशी, की जे मोजलं जातं तेवढंच लोक करून दाखवतात. माऊस आपोआप हलवत ठेवणारी उपकरणं उघड विकली जातात. तेवढाही खर्च नको असेल तर ऑप्टिकल माऊस काटेवाल्या घड्याळाच्या तबकडीवर ठेवला तरी भागतं, सेकंद काटा फिरत राहतो आणि कर्सर थरथरत राहतो. २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेनं डझनाहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं. कीबोर्डच्या हालचालीचा आभास निर्माण करून काम चालू असल्याचं भासवलं, हा आरोप. बँकेनं त्यांना पकडलं हे खरं. पण हालचाल हीच कामाची खूण मानली की माणसं हालचालच पुरवतात, हेही त्यातूनच दिसतं.

‘आम्ही मजकूर वाचत नाही, फक्त खिडकीचं शीर्षक नोंदवतो’ असं विक्रेते सांगतात. ऐकायला बरं वाटतं. पण ब्राउझरमध्ये ईमेल उघडला की त्याचा विषयच टॅबचं शीर्षक बनतो. ‘तपासणीचा अहवाल’, ‘गृहकर्जाचा हप्ता थकल्याबाबत’, ‘मुलाखतीची वेळ’ अशा ओळी मग ऑफिसच्या सर्व्हरवर साठत जातात. वाचायच्या नव्हत्या तरी.

हे ट्रॅकर अगदीच टाकाऊ आहेत असं नाही. कोणत्या सॉफ्टवेअरचे परवाने विनाकारण भरले जातायत, कोणती टीम रोज रात्री दहापर्यंत जुंपलेली असते, हे त्यातून चांगलं कळतं. त्यासाठी माणसांची नावं लागतच नाहीत. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये आपल्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मध्ये व्यक्तिवार आकडे दाखवायला सुरुवात केली तेव्हा टीकेचा भडिमार झाला आणि डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी नावं काढून टाकत असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. टीमचे एकत्रित आकडे राहिले. ट्रॅकर घ्यायचाच असेल तर नावं झाकता येतात का, हे सगळ्यात आधी विचारा.

स्क्रीनशॉट, कॅमेरा, कीलॉगर

स्क्रीनशॉटचा मोह समजण्यासारखा आहे, पुरावा हातात असल्यासारखं वाटतं. पण दर पाच-दहा मिनिटांनी टिपलेल्या चित्रात काय काय येतं ते बघा: ग्राहकाचा खातेक्रमांक, एचआरनं उघडलेली पगाराची यादी, पासवर्ड मॅनेजरची उघडी नोंद, जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या साइटवर दिसणारी शिल्लक, कोपऱ्यात उगवलेला बायकोचा मेसेज. ज्या गुप्त माहितीच्या रक्षणासाठी कंपनी इतका खर्च करते, तिचीच रोज शेकडो चित्रं काढून दुसऱ्या कुणाच्या तरी क्लाउडवर ठेवायची, असा हा उलटा व्यवहार. एप्रिल २०२५ मध्ये ‘वर्ककंपोजर’ नावाच्या अशाच एका सेवेचे २ कोटी १० लाखांहून जास्त स्क्रीनशॉट इंटरनेटवर कुलूप नसलेल्या साठ्यात सापडले. सायबरन्यूज या सायबरसुरक्षेवरच्या वृत्तसंकेतस्थळाच्या संशोधकांना ते दिसले म्हणून गाजावाजा झाला. त्याआधी आणखी कुणी पाहिले असतील तर ते कशाला सांगायला येतील?

कॅमेरा सतत चालू ठेवण्याबद्दल फार लिहायला नको. फ्लोरिडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं नेदरलँड्समधल्या कर्मचाऱ्याला वेबकॅम दिवसभर चालू ठेवायला सांगितलं, त्यानं नकार दिला, कंपनीनं काढून टाकलं आणि २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयानं ही बडतर्फी बेकायदा ठरवली. चेहऱ्यावरून ‘लक्ष आहे की नाही’, ‘मूड कसा आहे’ ओळखणारी जोडणी कुणी विकत असेल, तर युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआय प्रणालींवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण असेल तेवढाच अपवाद.

कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवणारा प्रोग्रॅम, सरळ बाद करा. त्यात पासवर्ड जसाच्या तसा उमटतो, चुकून दाबलेल्या कळा आणि बॅकस्पेससकट. चिडून लिहिलेलं आणि पाठवण्याआधी खोडलेलं वाक्यसुद्धा राहतं, जे त्या माणसानं कुणालाही म्हटलेलंच नाही. जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयानं जुलै २०१७ मध्ये एका वेब डेव्हलपरच्या खटल्यात ठरवलं की ठोस संशय नसताना कीलॉगरनं मिळवलेला पुरावा ग्राह्य नाही. तो ऑफिसच्या वेळात खासगी काम करत होता, थोड्या प्रमाणात का होईना त्यानं ते कबूलही केलं होतं. तरी बडतर्फी टिकली नाही.

नेटवर्कवरून बघणं

इथे कर्मचाऱ्याच्या मशीनवर काही बसवावं लागत नाही. फायरवॉल (ऑफिसच्या नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) किंवा डीएनएस फिल्टर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधला जातो तिथेच लावलेली गाळणी) कोणत्या साइटकडे विनंती गेली ते नोंदवतो आणि घातक साइट अडवतो. आजकाल जवळपास सगळी वाहतूक एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात झाकलेली, असल्यामुळे साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. खासगीपणाच्या दृष्टीनं हा चांगला मध्यममार्ग आहे, आणि मालवेअर आणि फिशिंग रोखायला तर तो असाही लागतोच.

मर्यादा दोन. घरच्या वायफायवर बसलेला लॅपटॉप व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित बोगद्यातून, येत नसेल तर ऑफिसच्या फायरवॉलला काहीच दिसत नाही. आणि आतलं पान बघायचं म्हणून कंपनीनं स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या जोरावर ब्राउझर साइट खरी मानतो तो दाखला) मशीनवर चढवलं, तर एन्क्रिप्शन वाटेत उघडलं जातं. मग बँक, दवाखाना, खासगी मेल सगळंच उघडं. हे करणारे जाणते प्रशासक अशा साइटना आधीच सूट देतात. तुमचा प्रशासक देतो का, हे विचारून घ्या. तो चाचरला तर उत्तर मिळालंच.

माणसाऐवजी माहितीवर लक्ष

मला सगळ्यात पटणारा प्रकार हा, आणि यात दाखवण्यासारखं काही नसल्यामुळे तो विकायलाही अवघड. फाइल सर्व्हर, क्लाउड ड्राइव्ह, ग्राहकांच्या नोंदींची प्रणाली, हिशेबाचं सॉफ्टवेअर या सगळ्यांत कुणी, कधी, काय उघडलं किंवा उतरवून घेतलं याचा ऑडिट लॉग असतो, किंवा चालू करता येतो. त्यावर काही इशारे लावायचे: एका खात्यातून तासाभरात हजारो नोंदी उतरल्या, ग्राहकयादी बाहेरच्या मेलवर गेली, पेन ड्राइव्हवर मोठी कॉपी झाली. एरवी कुणाकडे बघायचं कारण नाही. माहितीची गळती रोखणारी डीएलपी साधनं हेच काम पुढे नेतात, फक्त ती फाइलींचा मजकूरही तपासतात, म्हणून त्यांचे नियम कंपनीच्या माहितीपुरते आखावे लागतात.

नोकरी सोडून जाणाऱ्यानं शेवटच्या आठवड्यात डेटा नेल्याचा संशय असेल तर स्क्रीनशॉटच्या ढिगात शोधत बसण्यापेक्षा या लॉगमधल्या चार ओळी लवकर सापडतात. त्यात वेळ, फाइलचं नाव आणि खातं असतं, त्यामुळे वाद घालायलाही फारशी जागा उरत नाही.

तासांचा हिशेब हवा असणाऱ्यांसाठी आणखी साधा मार्ग आहे: कर्मचारी स्वतः सुरू आणि बंद करतो असा टायमर. काम कोणतं, ग्राहक कोणता, वेळ किती. तो खोटा भरता येतो, हो. पण हालचालीचा ट्रॅकरही फसवता येतो हे वर आलंच, आणि यात निदान कामाचं नाव तरी लिहिलेलं असतं.

कायदा कुठे अडतो

देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, पण एक धागा बऱ्याच ठिकाणी सापडतो: आधी सांगा. न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून नव्या कर्मचाऱ्याला इलेक्ट्रॉनिक देखरेखीची लेखी सूचना देऊन त्याची पोच घ्यावी लागते. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नोकरीच्या कारणांसाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा देतो. उदाहरण म्हणून त्यात कॉर्पोरेट हेरगिरी रोखण्याचा उल्लेख आहे. पण ही मुभा म्हणजे वाट्टेल ते टिपण्याचा परवाना नव्हे.

‘बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया’ हा खटला निर्णय घेणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावा. ग्राहकांना उत्तरं देण्यासाठी कंपनीच्या सांगण्यावरून उघडलेल्या याहू मेसेंजर खात्यावर हा कर्मचारी भावाशी आणि वाग्दत्त वधूशी बोलला. कंपनीनं ४५ पानांचा उतारा त्याच्यापुढे ठेवला आणि २००७ मध्ये त्याला काढलं. ऑफिसची साधनं खासगी कामाला वापरायची नाहीत हा नियम होता, त्याला तो ठाऊकही होता. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानं त्याच्या बाजूनं कौल दिला. वापरावर बंदी आहे हे सांगणं वेगळं आणि तुमचे संदेश वाचले जाऊ शकतात हे सांगणं वेगळं, हा त्यातला कळीचा मुद्दा. कारण काय, पाळत किती खोल, कमी त्रासाचा मार्ग होता का, हेही तपासायला हवं होतं, असं न्यायालयानं म्हटलं.

मग घ्यायचं काय?

ग्राहकांची माहिती सांभाळायची असेल तर ऑडिट लॉग आणि डीएनएस फिल्टर, बाकी काही नको. तासांवर बिल असेल तर टायमर. नियामकानं संभाषणं जपून ठेवायला लावलेला व्यवसाय असेल, उदाहरणार्थ शेअर व्यवहार, तर ठरलेल्या माध्यमांपुरतं रेकॉर्डिंग. एखाद्याच व्यक्तीबद्दल ठोस संशय असेल तर तेवढ्याच खात्याची, ठरावीक मुदतीची चौकशी करा. ती कारणासह लेखी मंजूर केलेली असावी आणि मंजुरी त्याच्या थेट मॅनेजरनं देऊ नये. ‘खरंच काम करतायत का’ एवढाच प्रश्न असेल तर आठवड्याला काय तयार व्हायला हवं हे आधी ठरवा. ते ठरवता येत नसेल तर सॉफ्टवेअरलाही ठरवता येणार नाही.

स्वतःच्या फोनवर ऑफिसचं मेल वापरू देत असाल तर पूर्ण फोन ताब्यात घेणारं व्यवस्थापन टाळा. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल असतं. कामाची अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात राहतात आणि माणूस गेला की तेवढाच कप्पा पुसता येतो, त्याचे फोटो शाबूत राहतात.

काहीही निवडलंत तरी करारावर सही करण्याआधी विक्रेत्याकडून चार उत्तरं लेखी घ्या. नोंदी कुठे साठतात? त्या किती दिवसांनी आपोआप पुसल्या जातात? कामाची वेळ संपल्यावर प्रोग्रॅम थांबतो का? आणि या नोंदी कुणी उघडून पाहिल्या, याचा लॉग राहतो का? शेवटच्या प्रश्नावर बरेच विक्रेते ‘बघून सांगतो’ म्हणतात. ते सांगेपर्यंत सही थांबवा.