छत्तीस मीटर, तीन किलोवॉट आणि एक करार: पार्ल्यातील भाड्याच्या इमारतीचा चौदा महिन्यांचा अनुभव

विलेपार्ले पूर्वेला आमच्या आजोबांनी १९६१ साली बांधलेली इमारत आहे. तळमजल्यावर सहा गाळे आणि वर तीन मजल्यांवर बारा घरे, लिफ्ट नाही. गाळ्यांत दवाखाना, शिकवणीचा वर्ग, पोळी-भाजी केंद्र, लाँड्री आणि दोन छोटी दुकाने आहेत. घरांपैकी तीन पागडीची, म्हणजे जुन्या, कायद्याने संरक्षित भाडेकरूंची, असून उरलेली नऊ लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, दिलेली आहेत. विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्या भागात बांधकामाच्या उंचीवर मर्यादा आहे आणि पुनर्विकासाचे गणित सहजासहजी जुळत नाही. तेव्हा ही इमारत आणखी पंधरा-वीस वर्षे नीट चालवायची, असे आम्ही भावंडांनी २०२४ च्या दिवाळीत ठरवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये घरनिहाय पाण्याचे मीटर बसवले, फेब्रुवारी २०२५ मध्ये गच्चीवर सौर संच आला, आणि त्याच सुमारास भाडेकरारांचा मसुदा नव्याने केला. इमारतीचे रोजचे काम मी पाहते, म्हणून हा अनुभव मी लिहीत आहे.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे बंधनकारक आहे. ती आम्ही आधीच करून घेतली होती आणि तीत सुचवलेली स्तंभांची दुरुस्तीही उरकली होती. इमारतीचा सांगाडा धड नसताना गच्चीवर पॅनेल चढवू नयेत, एवढे मी आग्रहाने सांगेन. शहर भागातील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. उपनगरातील मालकाला तो आधार नाही, दुरुस्तीचा भार सर्वस्वी त्याच्यावरच असतो.

आमच्याकडे महापालिकेच्या दोन जोडण्या आहेत, एक घरांची व एक गाळ्यांची, आणि प्रत्येकीवर एकच मीटर. घरांचे बिल बारा भागांत आणि गाळ्यांचे सहा भागांत सारखे वाटले जाई. व्यावसायिक पाण्याचा दर घरगुती दराच्या कितीतरी पट असतो. दवाखान्याला दिवसाला दोन बादल्या पाणी लागते, पोळी-भाजी केंद्रात पहाटेपासून भांडी घासली जातात, आणि दोघांनी सारखीच रक्कम भरायची, हे अन्यायाचेच होते. त्याहून वाईट परिणाम असा की पाणी वाचवणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नव्हते. भाड्याच्या इमारतीचे मूळ दुखणे हेच आहे: खर्च एकाने करायचा, लाभ दुसऱ्याने घ्यायचा, आणि म्हणून कोणीच काही करायचे नाही. मीटर बसवायचे ते हे दुखणे दूर करण्यासाठी. नुसते यंत्र म्हणून त्याचा उपयोग थोडा आहे.

जुन्या इमारतीत मात्र हे काम ऐकायला वाटते तितके सरळ नाही. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांच्यासाठी वेगवेगळे उभे पाइप खाली उतरतात आणि प्रत्येक मजल्यावर त्यांना फाटे फुटतात. एका घरात तीन ठिकाणी पाणी शिरते, म्हणजे बारा घरांना छत्तीस मीटर लागले. आधी सगळीकडे चक्राचे साधे मीटर लावले आणि तिथे आम्ही चुकलो. टाकी आणि तिसऱ्या मजल्यावरचे नळ यांच्या उंचीत जेमतेम तीन मीटरचा फरक आहे. एवढ्या तोकड्या दाबाला मीटरच्या चक्राचाही अडथळा होऊन नळाला करंगळीएवढी धार येऊ लागली. महिनाभर तक्रारी ऐकल्यावर त्या मजल्यावरचे बारा मीटर काढून अल्ट्रासॉनिक मीटर घेतले. त्यांत फिरणारा भाग नसतो, ध्वनिलहरींवरून प्रवाह मोजला जातो, त्यामुळे दाब जवळजवळ कमी होत नाही. किंमत दुपटीहून अधिक पडली, तरी वरच्या मजल्यासाठी दुसरे काही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मीटरची खरी किंमत मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळली. रात्री अकरा वाजता आणि पहाटे साडेपाचला मागच्या जिन्याने वर जाऊन मी सगळे आकडे वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या मजल्यावरच्या पागडीच्या एका घरात, संडासाच्या पाइपावर, साडेसहा तासांत ९६ लिटर पाणी गेले होते. त्या घरात आजी एकट्याच राहतात. “अगं, आवाज तर काहीच येत नाही, आणि रात्री मी उठतही नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेच होते. प्लंबरने फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग टाकला आणि कोणी फ्लश ओढू नये म्हणून दाराशी स्टूल ठेवले. दहा मिनिटांनी भांड्याच्या मागच्या बाजूने, केसाएवढी बारीक, गुलाबी रेघ उतरताना आम्ही तिघांनी पाहिली. टाकीतला रबरी वॉशर झिजला होता. तो बदलायला चाळीस रुपये लागले. दिवसाला साडेतीनशे लिटर पाणी, म्हणजे माणशी १३५ लिटरच्या मानकाने अडीच माणसांची गरज, किती महिने अशी वाहून जात होती हे आता कळण्याला मार्ग नाही. पुढच्या दोन महिन्यांत अशाच आणखी चार गळत्या सापडल्या.

एक गोष्ट माझ्या हातून चुकली. पहिल्या महिन्यात प्रत्येक घराचा वापर मी जिन्यातल्या फलकावर लावला. लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असलेल्या घरात पाणी जास्त लागणारच; त्यांना शेजाऱ्यांसमोर उघडे पाडण्याचा मला काही अधिकार नव्हता. तो कागद मी दुसऱ्याच दिवशी काढला आणि त्या दोन्ही घरी जाऊन क्षमा मागितली. आता ज्याची त्याची पावती ज्याच्या त्याच्या हाती जाते, आणि फलकावर फक्त इमारतीचा एकूण आकडा असतो.

महापालिकेचे घरगुती पाणी स्वस्त आहे, त्यामुळे केवळ बिलातील बचतीतून मीटरचा खर्च अनेक वर्षे भरून येणार नाही. आमच्या बाबतीत फरक पडला तो टँकरमुळे. २०२४ च्या उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे चौदा टँकर मागवावे लागले होते, २०२५ मध्ये तीन पुरले. त्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या टँकरचालकांनी संप केला तेव्हा आसपासच्या इमारतींत धावपळ उडाली होती. आमची टाकी मात्र महापालिकेच्या पाण्यावर संध्याकाळपर्यंत टिकत होती. गाळ्यांनाही स्वतंत्र मीटर बसल्यावर पोळी-भाजी केंद्राच्या काकूंनी वाहत्या नळाखाली भांडी घासणे आपणहून थांबवून तीन टबांची पद्धत सुरू केली.

सौर संच तीन किलोवॉटचा आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि स्वच्छ उन्हात त्यातून दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. आमचा तीन अश्वशक्तीचा पंप आणि जिन्यातले दिवे यांना तेवढे पुरते. घरगुती जोडण्यांना केंद्राच्या सूर्यघर योजनेत अनुदान मिळते, व्यावसायिक जोडणीला नाही, आणि आमचा सामायिक मीटर व्यावसायिक वर्गात मोडत असल्यामुळे सगळा खर्च आम्हीच केला. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे जादा वीज वीजकंपनीला देऊन ती पुढच्या बिलात वळती करून घेण्याच्या सोयीमुळे, उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडली. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती निम्म्याच्या आसपास उतरली, हे गृहीत धरूनच संच घ्यावा. शेजारी दोन बांधकामे चालू असल्याने काचांवर सिमेंटची धूळ बसते. आठवड्यातून एकदा पहाटे साध्या पाण्याने धुतल्या नाहीत, तर मोबाइलवरच्या आलेखात घट लगेच दिसते.

या संचाबाबत माझी तक्रार गंभीर आहे. बसवणाऱ्या संस्थेच्या माणसांनी सांगाड्याचे पाय रोवण्यासाठी गच्चीच्या कोब्यात आरपार भोके पाडली आणि वॉटरप्रूफिंगचा थर फोडला. २६ मे २०२५ रोजी, नोंदींतील सर्वांत लवकरच्या दिवशी, मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला आणि त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात पंख्याच्या हुकाजवळून पाणी ठिबकू लागले. भर पावसात ताडपत्री घालून दिवस काढले आणि ऑक्टोबरमध्ये पॅनेल उतरवून, कोबा दुरुस्त करून, पाय आता काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर उभे केले आहेत. वाऱ्याच्या जोराचा हिशेब संरचना अभियंत्याकडून लेखी घेतला. त्या भाडेकरूंचे चार महिन्यांचे निम्मे भाडे आम्ही माफ केले. संस्थेने भरपाई दिली नाही. गच्चीला एकही भोक पडणार नाही, ही अट कार्यादेशात लिहून घ्यावी.

भाडेकरारावर अशा परीक्षणांत फारसे कोणी लिहीत नाही. माझ्या मते यंत्रांपेक्षा तोच महत्त्वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना; नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तोंडी ठरलेल्या अटीला म्हणूनच काही अर्थ राहत नाही. आमच्या करारात आता पाण्याचे शुल्क मीटरप्रमाणे आहे, गळती दिसल्यावर दोन दिवसांत कळवणे भाडेकरूवर आणि कळवल्यापासून तीन दिवसांत दुरुस्त करणे आमच्यावर बंधनकारक आहे. मुदत चुकली तर त्या महिन्याचे पाण्याचे शुल्क आम्ही घेत नाही. दोन्ही बाजूंना बांधणारी अट असली की लोक ती मनापासून पाळतात, असे मी पाहिले. घर रिकामे झाले की जुने ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटच्या आसपासचे, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे आम्ही लावतो. त्याचा लाभ भाडेकरूच्या वीजबिलात दिसतो आणि आम्हाला भाडे एक रुपयानेही वाढवून मिळालेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पागडीच्या घरांना मानक भाड्यात वर्षाला ४ टक्केच वाढ करता येते. त्या तिघांना मीटरप्रमाणे शुल्काची सक्ती न करता समजावून सांगितले आणि आजींच्या घरातली गळती पाहिल्यावर तिघेही तयार झाले.

मधले चार महिने एका व्यवस्थापन संस्थेची सेवा घेऊन पाहिली. तिचे ॲप केवळ इंग्रजीत होते आणि टाकी भरल्याची सूचना पंप चालवणाऱ्या मामांना वाचताच येत नव्हती. आता पंपाच्या खोलीत मराठी वही आहे, तीत मामा वेळ आणि पातळी लिहितात, आणि टाकी एकदाही उतू गेलेली नाही. जिन्यातल्या हालचालीवर लागणाऱ्या दिव्यांची वेळही अशीच बदलावी लागली: तीस सेकंदांत दिवा विझून वृद्ध मंडळी मधल्या वळणावर अंधारात अडकत, म्हणून ती तीन मिनिटे केली. ओल्या कचऱ्याचे खत करण्याचे दोन ड्रम चालू आहेत, परंतु पावसाळ्यात त्यांत मिसळायला कोरडा पाला मिळेना आणि अळ्या झाल्या. यंदा फेब्रुवारी-मार्चमधली पानगळ पोत्यांत भरून ठेवणार आहे.

येत्या एप्रिलमध्ये शिकवणी वर्गाचा करार संपतो. त्यांच्या दोन्ही वातानुकूलन यंत्रांची बाहेरची युनिटे मागच्या चौकात बसवलेली आहेत आणि त्यांचा गरम झोत पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात शिरतो. ती दर्शनी भिंतीच्या बाजूला हलवण्याचा खर्च निम्मा-निम्मा करण्याचा मसुदा मी त्यांना दिला आहे, आणि त्यांनी वर्गाच्या सुट्टीत काम करून घेण्याची तयारी दाखवली आहे.