आठ महिने बॉल क्ले वापरल्यावर

नुसत्या चिनी मातीच्या मिश्रणावर मी चाकावर बरेच दिवस झगडत होते. भिंत वर ओढली की फाटायची, काठ वळवला की बारीक चिरा. बॉल क्ले ही खाणीतली चिकण माती त्यात घातल्यापासून तेच मिश्रण हाताचं ऐकू लागलं. हिचे कण फार बारीक, पाणी धरून ठेवणारे. चिकणपणा येतो तो त्यामुळेच. वाळलेलं कच्चं भांडंही दणकट होतं. पूर्वी कच्च्या कपाचा कान उचलताना हातात यायचा, तो प्रकार थांबला.

पिशवी पहिल्यांदा उघडली तेव्हा मात्र धस्स झालं. माती राखाडी, जवळजवळ काळपट! हा रंग सेंद्रिय कार्बनचा, तो भट्टीत जळून जातो. तरी लोह आणि टायटॅनियममुळे भांड्यावर मलईसारखी छटा राहतेच. मला ती आवडते. शुभ्र पोर्सेलीनच हवं असेल तर ही माती कमीच घाला.

माझी मोठी चूक प्रमाणाची. चिकणपणाच्या मोहात पहिल्या घाण्यात निम्मी बॉल क्ले घातली आणि ताटल्यांचे काठ वाळतानाच तडकले. मग ही माती किती आखडते ते पाहायला नुसत्या बॉल क्लेची पट्टी करून तिच्यावर १० सेंमीची रेघ मारली. वाळल्यावर ती ९.२ सेंमी भरली, भाजल्यावर आणखी आखडली. आता बॉल क्ले, चिनी माती आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ या खनिजांची पूड प्रत्येकी २५ टक्के घेते, १२८० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजते आणि ताटल्या प्लास्टिकखाली सावकाश वाळवते. खाणीतली माती आहे, दर वेळी थोडी वेगळी येते. म्हणून नव्या पिशवीची पट्टी आधी करतेच.

कच्च्या भाजणीतही, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीतही, घाई नडली. ७०० ते ९०० अंशांचा टप्पा भरभर ओलांडला तेव्हा कार्बन आत अडकला. फुटलेला तुकडा पाहिला तर मध्ये काळा गाभा, आणि त्याच घाण्यातले दोन वाडगे पुढे पक्क्या भाजणीत फुगले. आता तिथे मुद्दाम रेंगाळते.

ग्लेझमध्येही, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपातही, सुमारे १० टक्के बॉल क्ले घालते. बादलीच्या तळाशी दगडासारखा बसणारा गाळ बंद झाला.

कोरड्या पुडीपासून जपा. तिच्यात सिलिका असते, वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. मी पिशवी मास्क लावूनच उघडते आणि जमीन झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसते.