नात्यातला नर की रिपोर्टवाला नर?

तुमची लॅब्रॅडॉर मादी दोन वर्षांची झाली, दोन-तीन हीट (माज) होऊन गेल्या आणि आता तिला दोन स्थळं सांगून आली आहेत. पहिलं वाघोलीच्या पुढच्या एका केनेलमधलं, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांकडचं. नर देखणा, चॅम्पियन लाइनचा, आणि नात्यानं तुमच्या मादीच्याच आजोबांचा मुलगा. केनेलवाले म्हणतात, लाइन पक्की राहील, पिल्लं एकसारखी निघतील. दुसरं स्थळ बाणेरच्या एका फ्लॅटमधलं. हा नर कधी शोमध्ये गेलेला नाही आणि मादीच्या नात्यातही कुठे बसत नाही, पण त्याच्या मालकांकडे डीएनए तपासणीचा रिपोर्ट आणि खुब्याचे एक्स-रे आहेत.

पुण्यात लॅब्रॅडॉर पाळणाऱ्या बऱ्याच घरांत हा पेच येतो. काही वर्षांपूर्वी माझ्या घरीही आला होता आणि मी पहिलं स्थळ निवडलं. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

लाइनमधून खरंच काय मिळतं

लाइन ब्रीडिंगला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. एखादा उत्तम पूर्वज निवडायचा आणि दूरच्या नात्यातली जोडी लावून त्याचं रक्त पुढच्या पिढ्यांत टिकवायचं, याच वाटेनं आज आपल्याला दिसणाऱ्या बहुतेक जाती घडल्या. आई आणि बाप दोघांकडून एकाच पूर्वजाच्या जनुकाची तीच प्रत पिल्लाकडे येते, म्हणून डोक्याची ठेवण, केसांचा पोत, स्वभावाचा कल यांत एकसारखेपणा येतो.

चांगल्या केनेलवाल्याकडे आणखी एक गोष्ट असते, आणि ती कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यानं तीन-चार पिढ्या डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. आजी पिल्लांना नीट पाजत होती का, कोणाचे कान सारखे बिघडायचे, कोण परक्यावर धावून जायचं, हे त्याला तोंडपाठ असतं. म्हणून त्याला एक प्रश्न जरूर विचारा: 'आजोबा कितव्या वर्षी गेले आणि कशानं?' वाईट गोष्टींसकट सरळ उत्तर देणारा माणूस मोलाचा. 'आमच्या लाइनमध्ये काहीच नाही' एवढंच ऐकू आलं, तर त्यानं एक तर पाहिलेलं नाही किंवा तो सांगत नाही.

अडचण अशी की ज्या वाटेनं गुण येतात त्याच वाटेनं दोषही येतात. पुष्कळ आनुवंशिक आजारांत सदोष प्रत एकच असेल तर कुत्रं ठणठणीत राहतं. अशा कुत्र्याला वाहक म्हणतात. आजार होतो तो दोन्ही प्रती सदोष असतील तेव्हा. लग्न ठरण्याआधी दोघंही थॅलेसेमिया मायनर (म्हणजे वाहक) नाहीत ना, हे पाहायला डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, त्यामागचं कारण हेच.

हिशेब मांडता येतो. नात्यातल्या जोडीतून जन्मलेल्या जिवात एकाच पूर्वजाच्या दोन सारख्या प्रती येण्याची शक्यता मोजायची रीत स्यूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1922 मध्ये मांडली. सख्ख्या भावंडांची किंवा बाप-लेकीची जोडी लावली तर हा आकडा 25 टक्के येतो. आजोबा-नातीचा 12.5 टक्के, सख्ख्या चुलत-मामे भावंडांचा 6.25 टक्के. वाघोलीचा नर तुमच्या मादीचा सावत्र काका लागतो, त्यामुळे इथेही 6.25 टक्केच. मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे अनेक घरांत होतं, म्हणून हा आकडा कोणाला फारसा भिववत नाही.

पण समजा, तो आजोबा एखाद्या आजाराचा वाहक होता आणि बाकी सगळे पूर्वज निर्दोष होते. मग त्याचा मुलगा वाहक असण्याची शक्यता दोनात एक आणि नात वाहक असण्याची चारात एक. दोघंही वाहक असण्याची आठात एक. प्रत्यक्षात दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वंशावळीच्या पेपरवर छापलेल्या पिढ्यांच्या मागे तेच नाव पुन्हा दडलेलं असेल, तर धोका याहूनही वाढतो.

माझ्या मादीच्या वेळी हेच घडलं. सात पिल्लं झाली, सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी, आणि मला फार अभिमान वाटला. त्यातलं एक कोथरूडला माझ्या मावसबहिणीकडे गेलं. पाचव्या वर्षी ते संध्याकाळी जिना उतरायला कचरू लागलं, मग अंधारात खुर्च्यांना धडकू लागलं. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत होता. तपासणी केली तेव्हा पीआरसीडी-पीआरए या आजाराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. उरलेल्या सहा घरांना मी स्वतः फोन केले. ते फोन मी अजून विसरलेले नाही.

रिपोर्ट काय सांगतो, काय सांगत नाही

डोळ्यांचा हा आजार लॅबमध्ये, म्हणजे लॅब्रॅडॉरमध्ये, बहुधा ऐन तारुण्य सरल्यावर दिसतो, म्हणजे तोवर नराची चार-पाच मेटिंग होऊन गेलेली असतात. नुसत्या नजरेनं तो वेळेत पकडता येत नाही, आणि तपासणीचं सगळ्यात मोठं बळ इथेच आहे. लॅबमधला ईआयसी हा दुसरा आजार पाहा. जोरात पळापळ झाली की पाच ते पंधरा मिनिटांत मागचे पाय लटपटतात आणि कुत्रं कोसळतं. वेताळ टेकडीवर एप्रिलमध्ये असं झालं तर आपण उन्हाला दोष देणार. (उष्माघातही तितकाच जिवावरचा असतो, त्यामुळे कुत्रं कोसळलं तर आधी डॉक्टर, जनुकांचा विचार नंतर.)

तपासणीत गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतात किंवा थोडं रक्त काढतात. उत्तर तीनांपैकी एक येतं: निर्दोष, वाहक किंवा बाधित. आणि केनेलवाले सहसा सांगत नाहीत अशी गोष्ट म्हणजे, अशा आजारात तुमची मादी निर्दोष निघाली तर नर कोणताही असो, त्या आजाराचं पिल्लू होणार नाही. म्हणून पैसे एकाच तपासणीपुरते असतील, तर ती तुमच्या मादीची करा. प्रत्येक नव्या स्थळाच्या वेळी तो रिपोर्ट कामाला येतो.

मात्र रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. प्रयोगशाळा फक्त माहीत असलेले बदल शोधते. लॅबचं एक नेहमीचं दुखणं, खुब्याच्या सांध्याचं, अनेक जनुकं आणि वाढीच्या वयातलं वजन यांतून घडतं. त्याला एका जनुकाची तपासणी नाही, एक्स-रेच लागतो. कधीकधी दोन सदोष प्रती असूनही आजार होत नाही. जर्मन शेफर्डमधल्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या एका आजारात असं दिसतं. आणि रिपोर्टवर मायक्रोचिपचा नंबर नसेल, तर तो कोणत्या कुत्र्याचा हे ठरवायचं कसं?

वाहक निघालेलं प्रत्येक कुत्रं बाद करणं हीसुद्धा चूक. वाहकाला निर्दोष जोडीदार दिला तर एकही पिल्लू बाधित होत नाही, साधारण निम्मी वाहक निघतात, आणि पुढे त्यांतली निर्दोष पिल्लं निवडता येतात. सगळे वाहक काढून टाकले तर उरलेल्या मूठभर कुत्र्यांत पुन्हा नात्यातलीच जोडी लावावी लागते.

एखादा दोष अख्ख्या जातीत भिनला की काय होतं, ते डाल्मेशियनमध्ये दिसतं. त्यांच्या लघवीत युरिक ॲसिड जास्त असतं, खडे होतात, आणि जातीत निर्दोष प्रत उरलीच नव्हती. शेवटी 1973 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी संकर करून ती प्रत बाहेरून आणली.

कारवानी असेल तर

लातूर, सोलापूर, सांगलीकडचं कारवानी (देशी शिकारी जातीचं कुत्रं) पुण्यात आणून जोडी शोधणाऱ्यांसाठी माझं मत वेगळं आहे. बाजारातल्या बहुतेक तपासण्या परदेशी जातींच्या आजारांवर बेतलेल्या आहेत. त्यांत कारवानी निर्दोष निघालं तर एवढंच कळतं की ते विशिष्ट बदल त्याच्यात नाहीत. इथे पाळणाऱ्यांची आठवण जास्त विश्वासाची. तरीही दोन कुत्री एकमेकांच्या किती जवळची आहेत हे डीएनएवरून मोजता येतं. ज्या कुत्र्यांना पेपरच नाहीत, त्यांच्यासाठी मला हा उपयोग मोठा वाटतो.

मी काय निवडेन

लॅबसाठी, दोन्ही स्थळं जशी वर सांगितली तशीच असतील, तर बाणेरचा नर. वाघोलीच्या नराची तपासणी झालेली असेल, खुबे चांगले असतील आणि मादी निर्दोष असेल, तर त्या लाइनचं आकर्षण मला समजतं. पण आजोबा-नात किंवा त्याहून जवळची जोडी रिपोर्ट असला तरी मी लावणार नाही, कारण न सापडलेल्या दोषांचं काय, याला रिपोर्टकडे उत्तर नसतं.

मादीला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पिल्लं नको असतील तर वेळेवर शस्त्रक्रिया करा, गर्भाशयात पू होण्याचा धोकाही टळतो. पिल्लं विकायची असतील तर 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही.

रिपोर्ट यायला वेळ लागतो, म्हणून हीटची वाट न पाहता दोन-तीन महिने आधीच नमुना पाठवा. माझ्या आताच्या मादीचा आला आहे: डोळ्यांच्या आजारात निर्दोष, ईआयसीची वाहक. तिच्यासाठी सिंहगड रोडचा एक नर पाहिला आहे, नात्याबाहेरचा, ईआयसीत निर्दोष. तिचा खुब्याचा एक्स-रे अजून व्हायचा आहे. तो चांगला आला नाही तर हे स्थळ मी मोडणार आहे, तसं नराच्या मालकांना आधीच सांगून ठेवलंय.