गावी परतलेल्याला कोणतं द्यावं: ‘होम’ की ‘होम टू हॉली स्प्रिंग्ज’?

आखातातली नोकरी सोडून ठाण्यात आईवडिलांच्या घरी परतलेला माणूस रविवारी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मिस्साला गेला, की बाहेर पहिला प्रश्न ठरलेला: “कायमचा आलास का रे?” अशा माणसाला कादंबरी भेट द्यायची, तर मला दोन नावं सुचतात. दोन्ही अमेरिकन, दोन्ही इंग्रजी, पण स्वभावाने एकमेकींपासून खूप लांब.

मेरिलिन रॉबिन्सन यांच्या ‘होम’ला (२००८) पुढच्याच वर्षी स्त्री-लेखकांसाठीचा ऑरेंज पुरस्कार मिळाला. काळ १९५६चा, गाव आयोवातलं काल्पनिक गिलियड. जॅक बाउटन वीस वर्षांनी घरी येतो. वडील प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाचे निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू, आता थकलेले. बहीण ग्लोरी ठरलेलं लग्न फिसकटल्यावर आधीच परतलेली. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (बोधकथेत) तो घरी परतल्यावर मेजवानी होते, थोरला भाऊ रुसतो आणि गोष्ट थांबते. रॉबिन्सन मेजवानीच्या दुसऱ्या दिवसापासून सांगतात. जॅक कोठारातली जुनी डीसोटो गाडी दुरुस्त करत बसतो, स्वैपाकघरात बहिणीशी एकेक शब्द तोलून बोलतो. वडिलांनी क्षमा केलेली आहे, तरी जुना सल बोलण्यातून निसटतोच. टीव्हीवर कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाची बातमी लागते, तेव्हा हा प्रेमळ म्हातारा कुठे आंधळा आहे तेही दिसतं. पुस्तकाला प्रकरणं नाहीत. दादर फास्टमध्ये उभ्याने वाचायचं हे काम नव्हे.

जॅन कॅरन यांच्या ‘होम टू हॉली स्प्रिंग्ज’मध्ये (२००७) त्यांच्याच मिटफर्ड कादंबरीमालिकेतले फादर टिम पुन्हा भेटतात. टपालाने बिनसहीची चिठ्ठी येते, मजकूर एवढाच: घरी ये. कुत्र्याला गाडीत घालून ते मिसिसिपीतल्या आपल्या बालपणीच्या गावी निघतात. हे गाव मात्र नकाशावर सापडतं. कडक वडिलांच्या आठवणी, जुने सोबती, घरातलं एक गुपित. प्रार्थना उघड, संवाद भरपूर, पानं भराभर उलटतात. गाठी जरा सोयीने सुटतात, हे मला खटकलं. (आपल्याकडच्या कॅथलिक वाचकाला फादरांची बायको बघून क्षणभर दचकायला होईल, ते एपिस्कोपल पंथाचे आहेत, तिथे धर्मगुरूंना लग्न करता येतं.)

कादंबरी म्हणून ‘होम’ कितीतरी सरस आहे. पण ज्याच्या बॅगा अजून उघडायच्या आहेत, ज्याला रोज कोणीतरी “मग आता पुढे काय?” विचारतंय, त्याच्या हातात ती देऊ नका. त्याला आधी फादर टिम द्या. परतून वर्ष उलटलं असेल आणि घरच्यांशी दोन-चार वाद होऊन गेले असतील, तर सरळ ‘होम’.

पाळक, पॅरिश हे सगळं नकोसं झालेल्यासाठी वेंडेल बेरी यांची ‘जेबर क्रो’ (२०००) आहे. धर्मशिक्षण अर्धवट सोडलेला नायक १९३७च्या पुरात गावी पोचतो आणि तिथला न्हावी होतो.

‘होम’च्या आधी रॉबिन्सन यांचीच ‘गिलियड’ ही कादंबरी वाचायलाच हवी असं नाही. त्याच घटना तिथे शेजारचे म्हातारे पाळक एम्स सांगतात, आणि त्यांना जॅकचा भरवसा नाही. आधी ‘होम’ वाचली, तर एम्सवर मधूनमधून रागच येतो. मला तोच क्रम आवडतो.